दोन मोठे, दोन लहान, एक खोली

ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या हॉटेलात पोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. धाकटी माझ्या खांद्यावर झोपली होती, थोरला बॅगेवर बसून पेंगत होता. काउंटरवरच्या मुलीने आमचे पासपोर्ट एकेक करून उघडले. चौथा उघडल्यावर ती थांबली आणि शांतपणे म्हणाली, "तुमचं बुकिंग तीन जणांचं आहे." मी म्हटलं, चौथी तीन वर्षांची आहे, आमच्याजवळच झोपते, तिला वेगळी खाट नको. "समजतं मला," ती म्हणाली, "पण ही खोली तीन माणसांचीच आहे." पंधरा मिनिटं बोलणं झालं. शेवटी आणखी एक खोली घ्यावी लागली, तीही वेगळ्या मजल्यावर. नवरा थोरल्याला घेऊन वर गेला, मी धाकटीला घेऊन खाली राहिले, आणि दुधाची पावडर नेमकी वरच्या बॅगेत गेली.

त्या रात्री मला ती अडवणूक वाटली. पुढे काही प्रवास झाल्यावर, बरंच वाचल्यावर आणि चार हॉटेलांशी पत्रव्यवहार केल्यावर कळलं की ती मुलगी बरोबर होती आणि चूक आमच्या बुकिंगमध्ये होती.

आपली घरची सवय वेगळी असते. गणपतीपुळ्याला किंवा महाबळेश्वरला गेलं की आपण एक डबल रूम घेतो, काउंटरवर "एक जास्तीची गादी द्या हो" म्हणतो, कुणीतरी गादी-उशी आणून टाकतं आणि सगळे आडवे होतात. खोली आपण घेतली, आत कोण कुठे झोपतं ते आपलं आपण बघू, असं आपण धरून चालतो. युरोपात, जपानमध्ये, अमेरिकेत हे धरून चालता येत नाही. तिथे प्रत्येक खोलीला माणसांचा आकडा ठरलेला असतो आणि लहान मूलही बहुतेक ठिकाणी त्या आकड्यात धरतात. तान्ह्या बाळाला काही हॉटेलं सूट देतात, पण तीही विचारूनच घ्यायची असते. एवढं एक पक्कं कळलं की बाकीचा बराचसा गुंता सुटतो.

आकडा येतो कुठून

मुख्य कारण आग. रात्री तीन वाजता भोंगा वाजला तर त्या मजल्यावरची माणसं जिन्याने किती वेळात खाली येतील, याच्या हिशोबावर इमारतीला परवानगी मिळालेली असते. जिन्याची रुंदी, बाहेर पडायच्या वाटा, खोलीचं क्षेत्रफळ, त्यावरून खोलीत किती माणसं हे ठरतं. विम्याच्या अटीही त्यालाच बांधलेल्या असतात. त्यामुळे काउंटरवरच्या माणसाला दया आली तरी त्याच्या हातात फारसं काही नसतं. जास्तीची खाट टाकल्यावर दाराकडे जायची वाट अडणार असेल तर खाटही मिळत नाही, मग तुम्ही कितीही पैसे द्यायला तयार असा.

दुसरं कारण नोंदीचं. इटलीत हॉटेलवाल्याला प्रत्येक पाहुण्याची माहिती २४ तासांच्या आत पोलिसांना कळवावी लागते, त्यात मुलंही आली. "मूल लहान आहे, कोण बघतंय" असं म्हणून बुकिंगमध्ये नाव न घालणं म्हणूनच अंगाशी येतं. आणि खरं सांगायचं तर आई म्हणून मला पटतही नाही. आग लागली तर अग्निशमन दल यादी घेऊन माणसं मोजतं. त्या यादीत माझं मूल असायलाच हवं.

म्हणून हॉटेल शोधताना पहिल्याच पायरीला दोन मोठे, दोन मुलं असं भरायचं आणि मुलांची वयं खरी लिहायची. बरेच जण आधी फक्त दोन मोठ्यांचा दर बघतात, तो परवडणारा दिसतो, मन तिथेच अडकतं आणि मुलं नंतर जोडू म्हणतात. मुलं जोडली की तीच खोली यादीतून गायब होते, कारण ती दोघांचीच असते. वय लिहिताना प्रवासाच्या दिवशीचं लिहा. जानेवारीत बुकिंग करताना पाच वर्षांचा असलेला मुलगा मे महिन्यात सहाचा झालेला असतो आणि पुष्कळ हॉटेलांचे दर नेमके दोन, सहा आणि बारा या वयांवर बदलतात.

आता "मुलांना मोफत" ही पाटी. तिचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो की मूल आहे त्याच खाटेवर आईबाबांबरोबर झोपलं तर जादा पैसे नाहीत. वेगळी खाट, सकाळचा नाश्ता, कधीकधी टॉवेलसुद्धा त्यात धरलेला नसतो. जपानमध्ये याला खास शब्दच आहे, सोइने, म्हणजे शेजारी झोपणं. कुठे शाळेत न जाणाऱ्या मुलांपर्यंत सोइने चालतं, कुठे बारा वर्षांपर्यंत. एका खाटेवर एकच मूल, अशी अटही पुष्कळदा असते. तुमची दोन मुलं असतील तर खाटा दोन हव्यात, हे त्या अटीतच आलं.

नावं आणि मापं

खोल्यांची नावं फसवी असतात. डबल म्हणजे दोघांची एक मोठी खाट, ट्विन म्हणजे दोन वेगळ्या खाटा, ट्रिपल म्हणजे तीन माणसांची सोय, मग ती तीन खाटांची असो वा एक डबल आणि एक सोफ्याची. "फॅमिली रूम"ला तर कुठे ठरलेला अर्थच नाही. एका हॉटेलात ती खरोखर दोन कप्प्यांची निघते, दुसरीकडे नेहमीचीच खोली आणि कोपऱ्यात एक बंक बेड. ज्युनियर स्वीट या नावाने मी स्वतः फसले आहे. स्वीट म्हटल्यावर मध्ये दार असलेल्या दोन खोल्या डोळ्यांसमोर आल्या होत्या. प्रत्यक्षात एकच लांबट खोली होती, सोफा अलीकडे आणि खाट पलीकडे. दार हवं असेल तर "वन बेडरूम" असं लिहिलेलं शोधायचं आणि तरीही विचारून घ्यायचं.

कनेक्टिंग आणि अ‍ॅडजॉइनिंग हे दोन शब्द तर जपून वाचावेत. कनेक्टिंग म्हणजे दोन खोल्यांच्या मध्ये आतून दार. अ‍ॅडजॉइनिंग म्हणजे फक्त शेजारी-शेजारी, जायचं तर बाहेरच्या कॉरिडॉरमधून. पाच वर्षांचं मूल पलीकडच्या खोलीत असताना या दोन शब्दांतला फरक रात्रभराच्या झोपेचा असतो. कनेक्टिंग खोल्या बऱ्याच ठिकाणी "विनंती" म्हणून लिहून घेतात, त्यांची खात्री देत नाहीत. हिल्टनने २०२१ पासून अशा खोल्या बुकिंगच्या वेळीच पक्क्या करून द्यायला सुरुवात केली. इतर ठिकाणी हॉटेलकडून लेखी होकार घेतल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

मापांकडे येऊ. बाहेर क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये देतात आणि आपल्या डोक्यात ते बसत नाही. एक सोपी खूण सांगते. आपली दहा बाय बाराची खोली म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. तोक्योतल्या बिझनेस हॉटेलची १३ चौरस मीटरची खोली म्हणजे बाथरूम धरून १४० चौरस फूट. त्यातून बाथरूम आणि खाट वजा केली की दोन मोठ्या बॅगा एका वेळी उघडता येत नाहीत. एक उघडायची, बंद करून उभी करायची, मग दुसरी. दोन मुलांबरोबर हे तीन दिवस करून बघा म्हणजे कळेल. चौघांसाठी माझा स्वतःचा आकडा २५ चौरस मीटर आहे, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. त्याखाली गेले तर कारण तसंच असावं लागतं.

खाटेची रुंदीही सेंटिमीटरमध्ये लिहिलेली असते. घरचा सहा बाय साडेसहाचा पलंग १८३ सेंटिमीटर रुंद असतो. अमेरिकेतली क्वीन खाट १५२, म्हणजे आपली पाच फुटी. फ्रान्समधल्या जुन्या हॉटेलांत डबल म्हणून १४० सेंटिमीटरची खाट असते, साडेचार फुटांपेक्षा जेमतेम जास्त. जपानमध्ये सेमी-डबल नावाचा प्रकार १२० सेंटिमीटरचा, म्हणजे चार फुटांनाही किंचित कमी, आणि तो दोन माणसांना देतात. त्यावर तिसरं म्हणून मूल सोइने करून झोपवलं तर बाबा जमिनीवर जाणार हे नक्की.

ऑस्ट्रिया-जर्मनीतल्या डबल खाटेचं एक वेगळंच आहे. वरून ती एकसंध दिसते, पण चादर उचलली की खाली दोन स्वतंत्र गाद्या असतात, पांघरुणंही दोन. साल्झबर्गनंतरच्या मुक्कामात धाकटीला आमच्या मधे झोपवलं. पहाटे बघते तर ती दोन गाद्यांच्या फटीत कुशीवर अडकून झोपली होती, एक हात खाली लाकडी पट्टीपर्यंत गेलेला. दुसऱ्या रात्री कपाटातलं जास्तीचं ब्लँकेट लांबट घडी करून फटीत घट्ट बसवलं आणि वरून चादर ओढली. तीन वर्षांच्या मुलीला तेवढं पुरलं. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र अशा खाटेवर मधे झोपवू नये, त्याला पाळणाच मागवावा.

गावागणिक हिशोब बदलतो

मुलांना घेऊन राहायला अमेरिका सर्वांत सोपी. तिथल्या नेहमीच्या हॉटेलात दोन क्वीन खाटांची खोली सर्रास मिळते आणि ती चौघांसाठीच केलेली असते. ब्रिटनमध्ये प्रीमियर इन, ट्रॅव्हलॉज अशा साखळ्यांच्या फॅमिली रूममध्ये दोन मोठे आणि दोन मुलं बसतात. मुलांच्या खाटा सोफ्यातून ओढून काढायच्या असतात, दिसायला साध्या पण झोपायला पुरेशा.

पॅरिस, रोम, व्हेनिस इथे जुन्या इमारती आहेत आणि खोल्या लहान. चौघांची एक खोली शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा स्वयंपाकघर असलेलं छोटं अपार्टमेंट किंवा अपार्ट-हॉटेल बघावं. लिफ्ट आहे का हे विचाराच, आणि असेल तर तिच्यात बाबागाडी मावते का हेही. तिथल्या कित्येक लिफ्ट दोन माणसं उभी राहिली की भरतात. पॅरिसच्या जुन्या मेट्रो स्थानकांपैकी बहुतेकांवर लिफ्ट नाही, त्यामुळे बाबागाडी उचलून जिने चढणं रोजचंच होतं. हॉटेलात तरी ते नको.

अपार्टमेंट घेताना तिथला कायदा बघणं भाग आहे. सिंगापूरमध्ये खाजगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी भाड्याने देणं बेकायदेशीर आहे, सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या घरांना तर सहा महिन्यांची अट आहे. कुणी मित्राच्या ओळखीने "चार दिवसांसाठी घर" देऊ केलं तर नम्रपणे नाही म्हणा. सर्व्हिस्ड अपार्टमेंटलाही तिथे किमान सात दिवस राहावं लागतं, हॉटेलचा परवाना असलेल्या जागा सोडून. न्यूयॉर्कमध्ये ३० दिवसांच्या आतल्या मुक्कामाला घरमालकाने त्याच घरात राहायला हवं आणि पाहुणे दोनच चालतात, सप्टेंबर २०२३ पासून हे कडकपणे पाळलं जातं. म्हणजे चौघांच्या कुटुंबाला तिथे हॉटेलच घ्यावं लागतं.

जपानबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडून हल्ली खूप कुटुंबं जातात आणि खोलीच्या बाबतीत सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो. स्वस्त बिझनेस हॉटेलं स्टेशनला लागून असतात, स्वच्छ असतात, पण एकट्यादुकट्या माणसासाठी बांधलेली असतात. मुलांसह जायचं तर दोन रस्ते बरे. एक, मिमारूसारखी अपार्टमेंट-हॉटेलं. ती तोक्यो, क्योतो, ओसाका या तिन्ही शहरांत आहेत, चार-सहा माणसांसाठी आखलेली, आत स्वयंपाकघर आणि जेवायचं टेबल, काही खोल्यांत बंक बेड. दुसरा रस्ता रिओकान, म्हणजे जपानी पद्धतीची पारंपरिक पांथशाळा. जमिनीवर तातामी, म्हणजे जाड गवती चटया, आणि संध्याकाळी कुणीतरी येऊन त्यावर शेजारी-शेजारी फुतोन, म्हणजे गाद्या, अंथरतं. आपल्या आजोळच्या माजघरात झोपल्यासारखंच वाटतं. खाटच नाही म्हणून मूल पडायची भीती नाही. माझ्या मुलांना सबंध प्रवासात सर्वांत गाढ झोप तिथे लागली.

मात्र रिओकानचा दर खोलीवर नसतो, माणशी असतो, आणि त्यात बहुतेकदा रात्रीचं जेवण आणि नाश्ता धरलेला असतो. मुलांचा दर त्यांना जेवण आणि अंथरूण काय हवं यावर ठरतो. शाकाहारी असाल तर ते जेवण घेऊ नका. तिथल्या बहुतेक पदार्थांत दाशी नावाचं पातळ सार असतं आणि दाशी सहसा सुक्या माशापासून करतात. भाजी दिसते शाकाहारी, रस माशाचा. जेवणाशिवाय राहायच्या पद्धतीला सुदोमारी म्हणतात, हा शब्द लिहून न्या. आणि २९ एप्रिल ते ५ मे हा गोल्डन वीक टाळा. आपल्या शाळांना तेव्हाच सुट्टी लागलेली असते, पण तेव्हा सगळा जपानही सुट्टीवर असतो आणि चौघांच्या खोल्या सर्वांत आधी संपतात.

झोप आणि घड्याळ

हॉटेलच्या फोटोंत मी पूर्वी पोहण्याचा तलाव बघायचे. आता पडदे बघते.

मे-जूनमध्ये पॅरिस किंवा साल्झबर्ग आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. पुण्यात सकाळी सातला उठणारं मूल तिथे पहिले दोन-तीन दिवस पहाटे साडेतीनला टक्क जागं होतं. त्याला भूक लागलेली असते आणि नाश्ता साडेसहा-सातशिवाय सुरू होत नाही. हे तीन तास खोलीत काढायचे असतात. खोलीत फ्रिज आणि पाणी गरम करायची केटल असेल तर दूध-बिस्कीट होतं. ब्रिटनमध्ये केटल जवळजवळ सगळीकडे असते. फ्रान्स, इटली, ऑस्ट्रियात धरून चालू नका, विचारा. फ्रिजसुद्धा रिकामा मागून घ्या. काही मिनी-बारमध्ये वस्तू हलवली की बिलात चढते.

संध्याकाळी उलटं होतं. मुलाचं शरीर सहा-साडेसहाला झोप मागतं आणि बाहेर लख्ख ऊन. जूनच्या शेवटी पॅरिसमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. जाड, अंधार करणारे पडदे नसतील तर मूल झोपत नाही, आणि ते झोपलं नाही की दुसऱ्या दिवशीचं आयफेल टॉवर सगळ्यांनाच जड जातं. जुन्या युरोपीय हॉटेलांत वातानुकूलन नसतं हेही याला जोडून लक्षात ठेवा. उकाड्यात खिडकी उघडावी तर प्रकाश आणि रस्त्याचा आवाज आत येतो. जून ते ऑगस्टमध्ये जाणार असाल तर एसी आहे का हे पहिल्या तीन प्रश्नांत विचारा.

जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, त्यामुळे तिथे मुलं रात्री एक-दीडपर्यंत खेळतात आणि सकाळी दहाशिवाय उठत नाहीत. तोवर नाश्ता आवरत आलेला असतो. पहिल्या दोन दिवसांचा नाश्ता बुकिंगमध्ये घेऊ नये, तळमजल्यावरच्या दुकानातून केळी, दही आणून ठेवावं.

या सगळ्यामुळे माझा आग्रह एकाच गोष्टीचा असतो, मध्ये दार असावं. एक मूल जागं झालं की दुसऱ्याला उठवायच्या आत त्याला घेऊन पलीकडे बसता आलं पाहिजे. दोन खोल्यांचं अपार्टमेंट परवडत नसेल तर मोठी बाल्कनी नव्हे, मोठं बाथरूम किंवा दारामागची छोटी ओसरीसारखी जागा बघा. आम्ही एकदा पहाटे चार ते सहा बाथरूममधल्या जाड टॉवेलवर बसून गाड्या खेळलो आहोत, आणि थोरला पलीकडे झोपलेला राहिला.

पोचायच्या वेळेचाही झोपेशीच संबंध आहे. मुंबईहून रात्रीच्या विमानाने सिंगापूरला निघालं की साडेपाच तासांत, सकाळी सकाळी तिथे उतरतो. खोली मिळते दुपारी तीनला. मधले सात-आठ तास अर्धवट झोपलेली मुलं घेऊन लॉबीत बसणं फार वाईट. आधीच्या रात्रीचं बुकिंग करावं, म्हणजे खोली तुमची वाट बघत असते. खर्च एका रात्रीचा वाढतो, पण माझ्या मते हा पैसा सर्वांत चांगला लागतो. फक्त हॉटेलला कळवून ठेवा की आम्ही सकाळी येणार आहोत, नाहीतर रात्री आला नाहीत म्हणून बुकिंग रद्द धरतील.

मऊ भात कुठे शिजवायचा

मुलांना तीन दिवस पास्ता चालतो, चौथ्या दिवशी मेतकूट-भात हवा असतो. तेव्हा स्वयंपाकघर आहे की नाही याला फार महत्त्व येतं. साध्या हॉटेलच्या खोलीत विजेचा कुकर लावून खिचडी करायचा सल्ला बरेच जण देतात. मी देणार नाही. बहुतेक हॉटेलांत त्याला बंदी असते, आणि वाफेने किंवा फोडणीच्या धुराने भोंगा वाजला तर सगळी इमारत रस्त्यावर उभी राहते.

जपानमध्ये तर आपल्याकडचा कुकर चालतच नाही म्हणा. आपली वीज २३० व्होल्टची, जपानची १०० ची. उष्णता देणाऱ्या उपकरणाची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, म्हणजे निम्म्याहून कमी व्होल्टेजला ताकद जवळजवळ पाचव्या हिश्शावर येते. इथे पाच-सहा मिनिटांत लिटरभर पाणी उकळणारी केटल तिथे त्यालाच अर्धा तास तरी घेईल. अमेरिकेत १२० व्होल्ट, तिथे ताकद चौथ्या हिश्शाच्या जरा वर. युरोपात व्होल्टेज आपलंच आहे, फक्त पिन वेगळी. म्हणून चार दिवसांपेक्षा जास्त मुक्काम असेल तर शेगडी असलेली जागा घ्या, तांदूळ-डाळ तिथल्या दुकानात मिळते, बरोबर फक्त मेतकूट आणि हिंग न्या. तूप मात्र युरोपीय संघाच्या देशांत नेऊ नका. बाहेरच्या देशांतून दुधाचे पदार्थ न्यायला तिथे मनाई आहे, बाळाच्या दुधाच्या पावडरीला ठरावीक वजनापर्यंत सूट आहे. लोणी तिथलं उत्तम असतं, भातावर छान लागतं.

कपडे धुवायचं मशीन खोलीत किंवा इमारतीत असेल तर दोघा मुलांच्या कपड्यांची एक अख्खी बॅग कमी होते. जपानच्या हॉटेलांत नाणी टाकून चालवायची मशीनं बहुधा असतात. अंघोळीसाठी आपल्याला बादली-तांब्या हवा, तो बहुतेक ठिकाणी नसतो. हाताने धरायचा शॉवर असला की काम भागतं, भिंतीत पक्का बसवलेला असला तर लहान मुलं घाबरतात.

खोलीत शिरल्यावर

बॅगा उघडायच्या आत मी जमिनीवर बसते आणि मुलाच्या उंचीवरून खोली बघते. लोंबणारी केटलची वायर, टेबलाचा काचेचा कोपरा, मिनी-बारमधल्या बाटल्या, हाताशी येणारी चहाची गरम पाण्याची जागा, हे सगळं उभं राहून दिसत नाही. मग नळ. काही ठिकाणी गरम पाणी पहिल्याच झटक्याला कढत येतं, म्हणून मुलांच्या आधी आपण हात घालून बघायचा.

बाल्कनी असेल तर तिथली खुर्ची आणि टेबल आत घ्यायचं. कठड्याची उंची पुरेशी असली तरी खुर्चीवर चढलेल्या मुलाला ती पुरत नाही. आडव्या गजांचा कठडा म्हणजे मुलांसाठी शिडीच, असा कठडा दिसला तर मी खोली बदलून मागते. खिडकी पूर्ण उघडते की वीतभरच उघडते हेही पहिल्याच मिनिटाला बघून घ्यायचं.

पाळणा मागवला असेल तर तो हलवून बघा. एका बाजूचा कठडा खाली सरकणारे पाळणे अमेरिकेत २०११ पासून विकायला बंदी आहे, कारण त्यात बाळं अडकून दगावली होती. इतर देशांत जुना पाळणा समोर येऊ शकतो. दोन गजांमधून थंड पेयाचा नेहमीचा डबा आरपार जात असेल तर फट जास्त आहे. गादी आणि कडेमध्ये दोन बोटांहून जास्त जागा असेल तरही तो घेऊ नका. वर्षाखालच्या बाळाला घट्ट, सपाट गादीवर, उताणं, उशी आणि मऊ पांघरुणाशिवाय झोपवायचं, हे घरच्यासारखंच तिथेही. आजी बरोबर असतील तर त्या एखादी मऊ दुलई बाळाखाली घालायला बघतील, त्यांना प्रेमाने समजावून सांगा.

पैसे आणि पत्र

दर तुलना करताना एका रात्रीचा आकडा बघू नका, चौघांचा सगळ्या रात्रींचा एकूण आकडा कागदावर मांडा. नाश्ता, जादा खाट, शहराचा कर धरून. कर कित्येक शहरांत माणशी असतो, पण मुलांना सूट असते. फ्रान्समध्ये १८ वर्षांखालच्यांना तो लागत नाही, रोममध्ये १० वर्षांखालच्यांना. बिलात मुलांचाही लावला असेल तर विचारायला संकोचू नका. बुकिंग रद्द करता येणारंच घ्या, मुलांना ऐन वेळी ताप येतो. युरोपातल्या बऱ्याच देशांत एकच चालतो त्या शेंगेन व्हिसासाठी राहण्याच्या सोयीचा पुरावा द्यावा लागतो, त्यावर मुलांसह सगळ्यांची नावं असलेली बरी.

आणि बुकिंग झाल्यावर हॉटेलला एक छोटं पत्र पाठवा. मी पाठवते ते साधारण असं असतं: आम्ही दोन मोठे आणि दोन मुलं आहोत, मुलांची वयं सात आणि चार. बुकिंग क्रमांक हा. या खोलीत चौघांना राहायची परवानगी आहे ना? खाटा किती आणि प्रत्येक किती रुंद? मध्ये बंद होणारं दार आहे का? केटल आणि रिकामा फ्रिज मिळेल का? लिफ्टमध्ये बाबागाडी मावते का? आम्ही सकाळी आठला पोचू. सहा-सात ओळी, नम्र आणि क्रमाने. बहुतेक हॉटेलं एक-दोन दिवसांत उत्तर देतात. क्योतोच्या एका छोट्या रिओकानने तर खोलीचा हाताने काढलेला नकाशा पाठवला होता, त्यात चार फुतोन काढलेले, दोन मोठे, दोन छोटे.

उत्तर आलं की ते छापून पासपोर्टच्या पाकिटात ठेवते. फोनची बॅटरी नेमकी काउंटरवर पोचल्यावर संपते, आणि रात्री साडेनऊला झोपलेलं मूल खांद्यावर असताना फोनमध्ये मेल शोधायला दुसरा हात मोकळा नसतो.